पाच सेंटीमीटरचा ठोकळा

नाशिक,
४ जानेवारी १९८३

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

पत्राला कारण की माझं डोकं फुटायची वेळ आली आहे आणि घरात कुणाला सांगायची सोय नाही. आईला सांगितलं तर ती रडत बसेल. आप्पांना सांगितलं तर म्हणतील, सर सांगतात तसं कर आणि मोकळी हो. म्हणून तुम्हाला लिहिते. निदान मापाच्या बाबतीत तरी तुम्ही माझी बाजू घ्याल.

आमच्या अकरावीच्या फिजिक्सच्या जर्नलमध्ये पहिलाच प्रयोग आहे. लोखंडाचा एक चौकोनी ठोकळा असतो. त्याची बाजू मोजायची, तिच्यावरून पृष्ठफळ आणि घनफळ काढायचं, वजन करायचं, आणि वजनाला घनफळानं भागून घनता काढायची. एवढंच. शाळेतलं पोर करील. मी तुम्ही दिलेल्या पोलादी पट्टीनं बाजू मोजली, कारण लॅबमधल्या लाकडी पट्ट्यांची टोकं झिजून गोल झाली आहेत आणि बारीक मापाचं व्हर्नियर कपाटात कुलुपात असतं. बाजू आली बरोब्बर ५ सेंटीमीटर. सहा बाजूंचं मिळून पृष्ठफळ १५०, घनफळ १२५. वजन ९५५ ग्रॅम. घनता ७.६४. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा तेच.

धामणे सरांनी जर्नल बघितलं आणि मान वर न करताच म्हणाले, लोखंडाची घनता ७.८ असते, बाजू ४.९७ लिही म्हणजे उत्तर जुळेल. मी म्हटलं, सर, पण बाजू ५ आहे. तर म्हणाले, ४.९७ हे व्हर्नियरचं माप आहे, दर वर्षी सगळे तेच लिहितात. आणि मामा, खरंच वर्गातल्या उरलेल्या एकेचाळीस जणांच्या जर्नलमध्ये ४.९७ आहे. एकानंही ठोकळा हातात धरलेला नाही. गेल्या वर्षीच्या पोरांची जर्नलं आणायची आणि उतरवून काढायची. मी एकटीच येडी, खरंच मोजत बसले.

मी म्हटलं, मला व्हर्नियर द्या, मी पुन्हा मोजते. म्हणाले, कपाटाची किल्ली सापडत नाही. मग मी खोडणार नाही म्हटल्यावर सगळ्यांसमोर जे बोलले ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. म्हणाले, "तुम्हाला कुठं मार्कांची गरज असते? तुमच्या सीटा काढूनच ठेवलेल्या असतात. मग एवढा ताठा कशाला?"

पुढच्या बाकावरच्या दोघीतिघी हसल्या. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. मी जर्नल मिटून जागेवर जाऊन बसले, ह्याचाच मला जास्त राग येतोय.

आता ऐका. एकोणतीस जानेवारीपर्यंत जर्नलवर सरांची सही झाली नाही तर प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत. प्रॅक्टिकल नाही म्हणजे अकरावी नापास. आप्पांनी आधीच बजावून ठेवलंय की एक वर्ष जरी गेलं तरी सायन्स बंद. म्हणजे इंजिनिअरिंग संपलं. ०.३ मिलिमीटरसाठी. पण मी ४.९७ लिहिणार नाही. मोजलं एक आणि लिहिलं दुसरं, हे मला जमायचं नाही. तुम्हीच लहानपणी शिकवलंय, पेन्सिल कानावर ठेवायची आणि दोनदा मोजल्याशिवाय काढायची नाही.

मामींना जयभीम.

आपली,
विशाखा

मनमाड,
७ जानेवारी १९८३

चि. विशाखा,
जयभीम.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आन् डबा तसाच झाकून ठेवला. नवसा संध्याकाळी विचारती, भाकरी का उरली. काय सांगू तिला?

पहिली गोष्ट. खोडायचं नाय. रबर घरात असंल तर फेकून दे. मी सातवी शिकलेला माणूस हाय, तुझ्या पुस्तकातलं मला कळत नाय, पण माप कळतं. एकवीस वर्षं झाली मी लाकडाचे साचे करतो. माझ्या साच्यावरून वाळूत खड्डा पाडायचा, त्यात पोलादाचा रस ओतायचा, आन् निघालेला भाग रेल्वेला जातो. साचा चुकला तर भाग बसत नाय, भाग बसला नाय तर गाडी थांबती. एकवीस वर्षांत माझा एक साचा परत आला नाय. आन् त्यातली पहिली वीस वर्षं जी पट्टी माझ्या हातात व्हती ती तुझ्या हातात दिलीय. मला काम शिकवलेल्या उस्तादांनी जाताना मला दिली, मी तू दहावी झाल्यावर तुला दिली. पोटच्या पोरालाबी दिली नसती, तो दिवसभर कॅरम खेळतो.

त्या पट्टीनं पाच म्हणलं तर पाच.

दुसरी गोष्ट. सीटांचं जे बोलला ना तो, ते तू मनाला लावून घेऊ नको. आम्ही सीटांवर बसून नाय आलो, उभ्यानं आलोय. तुझ्या आज्यानं मनमाडच्या यार्डात कोळसा उपसला. हे त्याला सांगून काय उपयोग, त्याच्या डोक्यात शिरायचं नाय. पण मापावर बोलता येतं. मापावर मी कुणाच्या बापाला ऐकत नाय. मी त्याला पत्र टाकलंय, आजच. नक्कल सोबत देतोय. तू भ्यायचं नाय.

झुंबरला यातलं काही सांगू नको. माझी बहीण हाय, मला ठाऊक हाय ती कशी हाय.

तुझा मामा,
देवराम

(नक्कल)

मनमाड,
७ जानेवारी १९८३

श्री. धामणे सर यांस,
देवराम पगारे, पॅटर्न मेकर, याचा नमस्कार.

सर, मी विशाखा गांगुर्डे हिचा मामा आहे. तिने ठोकळा मोजला, बाजू पाच सेंटीमीटर आली. तुम्ही तिला सांगता, चार पॉईंट सत्त्याण्णव लिही. सर, आमच्या वर्कशॉपमध्ये न मोजता आकडा लिहिला तर त्या माणसाला दुसऱ्या दिवशी आत घेत नाहीत. तुमच्या कॉलेजात त्याला पास करतात, हे मला नवीन कळले.

तुम्ही सीटांबद्दल बोललात ते मी इथे लिहीत नाही. लिहिले तर पत्राची भाषा बिघडेल.

पट्टी माझी आहे. एकवीस वर्षांचा अनुभव माझा आहे. ती पट्टी चुकीची निघाली तर मी स्वतः कॉलेजात येऊन सगळ्या वर्गासमोर तुमची माफी मागेन. पण ती बरोबर निघाली तर तुम्ही माझ्या भाचीची मागावी. एवढा सौदा मंजूर असेल तर कपाटाची किल्ली शोधावी.

आपला,
देवराम सुकदेव पगारे

नाशिक,
१२ जानेवारी १९८३

श्री. देवराम पगारे यांस,

आपले दि. ७ चे पत्र मिळाले. त्यातील भाषेबद्दल काही लिहू इच्छित नाही.

लोखंडाची घनता ७.८ आहे. हा आकडा मी ठरवलेला नसून तो जगातील सर्व पुस्तकांत आहे. आपल्या भाचीचे उत्तर ७.६४ आहे. ठोकळा तोच, वजन तेच. मग चूक लांबीच्या मापात आहे, हे सांगण्यास फार शिक्षण लागत नाही. आपण साचे करावेत, पदार्थविज्ञान आमच्याकडे सोपवावे.

कुमारी गांगुर्डे हिने दि. २९ पर्यंत जर्नल दुरुस्त करून आणल्यास सही केली जाईल. अन्यथा नाही. आपल्या सौद्याबद्दल म्हणाल, तर मी आपल्या माफीची वाट पाहत आहे.

आपला,
वि. ग. धामणे

नाशिक,
१५ जानेवारी १९८३

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

सरांनी तुमचं पत्र वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. अगदी तुमचा आवाज काढून. 'न मोजता आकडा लिहिला तर आत घेत नाहीत' इथं आले तेव्हा वर्ग जोरात हसला. मी खाली मान घालून बसले नाही, एवढंच सांगते. त्यांच्याकडे सरळ बघत बसले. शेवटी त्यांनीच पत्र घडी करून खिशात घातलं.

तुमच्या पत्राचा मला अभिमान वाटला, खरं सांगते. कुणीतरी त्यांना बोललं. पण त्यांचा एक मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही. ठोकळा तोच आणि वजन तेच असेल तर फरक आला कुठून? वजनाचा काटा मी वाण्याकडून मागून आणलेल्या सीलबंद वजनांनी तपासला, तो बरोबर आहे. भागाकार दहा वेळा केला. मग उरते ती बाजूच.

मामा, रागावू नका. नुसतं विचारते. पट्टी कुठं वाकली-बिकली नसेल ना? तुमच्याकडे दुसरी आहे, तिच्याशी एकदा ताडून बघता आली असती तर बरं झालं असतं. मी इथे कशाशी ताडणार, लॅबच्या पट्ट्यांना टोकंच नाहीत.

चौदा दिवस राहिले.

आपली,
विशाखा

मनमाड,
१८ जानेवारी १९८३

चि. विशाखा,
जयभीम.

पत्र मिळालं. सरांचंबी मिळालं. कामाचा लोड लय हाय, म्हणून थोडक्यात लिहितो.

पट्टीनं मोजायचं सोडून दे. ठोकळा पाण्यात बुडव, पाणी किती वर येतं ते बघ, तेच घनफळ. पट्टी पेटीत ठेवून दे, उगा गंजायची.

आन् एक सांगतो, राग धरू नको. वर्ष महत्त्वाचं हाय. चार पॉईंट सत्त्याण्णव लिहिलं तर आभाळ कोसळत नाय. सगळ्यांनी लिहिलंय. सही घे, पास हो, पुढं इंजिनेर हो, मग मोज पाहिजे तेवढं.

नवसाची पाठ दुखतीय. बाकी ठीक.

तुझा मामा,
देवराम

नाशिक,
२१ जानेवारी १९८३

मामा,

जयभीम लिहायलाही हात उठत नाही, पण लिहिते, कारण आईनं शिकवलंय.

तुमचं पत्र वाचून आधी मला वाटलं, मामींची तब्येत जास्तच बिघडली असेल, म्हणून तुम्ही असं तुटक लिहिलंत. अकरा दिवसांपूर्वी रबर फेकायला सांगणारा माणूस आज ४.९७ लिही म्हणतो! म्हटलं, घाईत लिहिलं असेल. मग मी तुम्ही सांगितलं तसं केलं. लॅबचे शिपाई सहादूभाऊ चांगले आहेत, त्यांनी मधल्या सुट्टीत दार उघडून दिलं.

भांडं काठोकाठ भरून ठोकळा सोडला आणि सांडलेलं पाणी मोजलं. १२५ यायला हवं होतं. आलं १३२ आणि १३३ च्या मध्ये. दोनदा, तीनदा. मला वाटलं, मोजायचं नळकांडंच खोटं असेल. म्हणून मग मी पृष्ठफळ वेगळ्या रीतीनं काढलं. आलेखाचा कागद घेतला, ज्यावर सेंटीमीटरचे चौकोन छापलेले असतात, तो ठोकळ्याला सहाही बाजूंनी चिकटवला, कडा कापल्या, उलगडला आणि चौकोन मोजले. पट्टीच्या हिशोबानं १५० व्हायला हवेत. झाले १५६.

मग मी वही घेऊन खिडकीत बसले. घनफळ शंभराला सहानं जास्त. पृष्ठफळ शंभराला चारानं जास्त. घनफळात लांबी तीनदा येते, पृष्ठफळात दोनदा. म्हणजे लांबी शंभराला दोनानं जास्त. सहा, चार, दोन. ठोकळा ५ चा नाही, ५.१० चा आहे. पाणी आणि कागद दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचं एक झालं. कागदावर पट्टी आडवी ठेवून बघितली तर पट्टीवरचे २५ कागदावरच्या साडेपंचविसावर गेले. सगळीकडे सारखी लांब आहे. वाकलेली नाही, झिजलेली नाही. कुणीतरी मुद्दाम तशीच केली आहे.

आणि मग मला तुमचं पत्र आठवलं. 'पट्टी पेटीत ठेवून दे.' गंजेल म्हणून! स्टेनलेस स्टीलची पट्टी!

तुम्हाला माहीत होतं. माझं पंधरा तारखेचं पत्र आल्यावर तुम्ही ताडून बघितलीत, आणि मला सांगितलं नाहीत. उलट खोटं लिहायला सांगितलंत, म्हणजे तुमची पट्टी झाकली जाईल आणि त्या माणसाची माफी मागावी लागणार नाही. मी सगळ्या वर्गाचं हसणं सोसलं ते कुणासाठी? 'त्या पट्टीनं पाच म्हणलं तर पाच.' हे वाक्य मी उशीखाली ठेवून झोपत होते, मामा.

आता गंमत ऐका. खरी बाजू ५.१० घेतली तर घनता येते ७.२०. म्हणजे आधी मी सरांच्या ७.८ च्या जवळ तरी होते, खरं मोजल्यावर आणखी लांब गेले. ७.६४ ला त्यांनी ताठा म्हटलं, ७.२० ला काय म्हणतील देव जाणे. पण मी ५.१० च लिहिणार आहे. तिन्ही मापं लिहिणार आहे, पट्टीचं, पाण्याचं आणि कागदाचं. वर्ष गेलं तर गेलं. अर्धं सरांनी बुडवलं आणि अर्धं तुम्ही, असं समजेन.

विशाखा

मनमाड,
२४ जानेवारी १९८३

चि. विशाखा,
जयभीम.

तू लिहिलं त्यातला एक शब्द खोटा नाय.

तुझं आन् सरांचं पत्र एकाच दिवशी आलं. मी स्टोअरमधून साधी पट्टी मागवली आन् माझ्या आताच्या पट्टीला लावली. माझ्या पाचावर तिचं पाच पॉईंट एक. तिथंच लाकडाच्या भुश्यावर बसलो.

सांगतो काय झालं ते. ओतलेला रस गार होताना आटतो. पोलाद शंभराला दोन आटतं. शंभर मिलिमीटरचा भाग पाहिजे तर साचा एकशे दोनचा करावा लागतो. दर मापाला हिशोब करत बसायला नको म्हणून आमची पट्टीच दोन टक्के मोठी बनवतात. आमच्या शॉपमध्ये साधी पट्टी कुणाच्या हातात दिसायची नाय. तुला दिलेल्या पट्टीच्या पाठीवर तसं कोरलेलं व्हतं, ते आधी उस्तादांच्या आन् मग माझ्या अंगठ्यानं घासून घासून गेलं. एकवीस वर्षं माझा फूट तोच, माझा सेंटीमीटर तोच. तुला देताना माझ्या मनातबी आलं नाय की बाहेरच्या जगाचा सेंटीमीटर येगळा हाय. हे माफ कर म्हणत नाय, झालं ते सांगतोय.

पण कळल्यावर लपवलं ते काही चुकून नाय. ते जाणूनबुजून. मी त्याला लिहून बसलो व्हतो ना, सगळ्या वर्गासमोर माफी मागंन. सीटांचं बोलणाऱ्या माणसापुढं मान खाली घालायची, ह्या इचारानं माझी मती गेली. म्हणलं, पोरगी चार पॉईंट सत्त्याण्णव लिहील, सही होईल, कुणाला काही कळणार नाय. माझा साचा कधी परत आला नाय म्हणून फुशारकी मारतो, आन् तुलाच खोटा साचा दिला. लाज वाटती, बये.

आता नीट ऐक. लाजेपायी मी घनतेचा हिशोब केलाच नव्हता. तुझ्या पत्रात सात पॉईंट दोन वाचलं आन् ताडकन उठलो. अगं, सात पॉईंट दोन लोखंडाचं नसतंच. ते बिडाचं हाय! झुंबरच्या घरात बिडाचा तवा हाय ना, धिरड्यांचा, तेच. बाजूच्या शॉपमध्ये रोज बीड ओतत्यात, वजनाचा तक्ता भिंतीवर टांगलेला हाय, सात पॉईंट दोन. तुमच्या कॉलेजात ठोकळा बिडाचा हाय आन् हे लोक त्याला लोखंड समजून पुस्तकातला आकडा बसवत्यात. तू मोजलेलं खरं हाय. त्यांनी कधी मोजलंच नाय.

हे मी पत्रात लिहून भागायचं नाय. तुला एकटीला ते पुन्हा हसतील. मी शुक्रवारी अठ्ठावीस तारखेला पॅसेंजरनं येतो. रजा टाकलीय. कानस घेऊन येतो. आन् शब्द दिलाय तो पुरा करायलाबी येतो.

तुझा मामा,
देवराम

नाशिक,
३१ जानेवारी १९८३

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

शुक्रवारी तुम्ही साडेचारच्या गाडीसाठी निघून गेलात, त्यामुळे पुढचं तुम्हाला माहीत नाही. पण आधी जे तुमच्यासमोर झालं तेही मला लिहायचं आहे, कारण तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं ते तुम्हाला ठाऊक नाही.

तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून लॅबच्या दारात उभे होतात आणि मला वाटत होतं, परत जावं या माणसानं. मला राग होता, तरीसुद्धा. बेचाळीस जणांसमोर तुम्ही पट्टी वर धरलीत आणि म्हणालात, "ही पट्टी मी दिली. ही दोन टक्के मोठी हाय. चूक माझी, पोरीची नाय. सर, मी लेखी बोललो व्हतो, म्हणून तुमची माफी मागतो." सर टेबलाला टेकून उभे होते. त्यांच्या तोंडावर जे हसू होतं ते मी जन्मात विसरणार नाही. कुणीतरी मागून टाळीसुद्धा वाजवली. सर म्हणाले, ठीक आहे, ठीक आहे, आता भाचीला सांगा ४.९७ लिहायला.

तेव्हा तुम्ही कानस काढलीत. सहादूभाऊंना ठोकळा मागितलात, आधी कानशीच्या मुठीनं ठोकून दाखवलात, तो बद्द वाजला. मग एक कोपरा चार वेळा घासलात. चकचकीत कीस पडेल असं सगळ्यांना वाटलं, पडली काळी भुकटी. ती तुम्ही सरांच्या तळहातावर ठेवलीत आणि त्यांनी ती बोटांनी चोळली. बोटं काजळ लागल्यासारखी काळी झाली. "बीड हाय सर," एवढंच म्हणालात तुम्ही, "घरच्या तव्याला विचारा." ह्या वेळी वर्ग हसला, पण कुणाकडे बघून ते तुम्ही बघितलंच नाहीत, कानस पिशवीत घालत होतात.

आता पुढचं. तुम्ही गेल्यावर सर टेबलामागे गेले. मग स्वतःच्या ड्रॉवरमधून कपाटाची किल्ली काढली. ड्रॉवरमधून, मामा! व्हर्नियरला धूळ होती. त्यांनी ठोकळा स्वतः मोजला, तिन्ही दिशांनी, दोनदा. मी शेजारी उभी राहून आकडे लिहीत होते. ५.१०, ५.१०, ५.१०. मी विचारलं, सर, मग ४.९७ आलं कुठून? म्हणाले, मी अकरा वर्षांपूर्वी इथे लागलो तेव्हापासून आहे. म्हणजे त्यांनीसुद्धा कधी मोजलेलं नव्हतं. कुणी एकानं ७.८ वरून उलटा भागाकार केला आणि अकरा वर्षं सगळी पोरं तोच उतरवत आली.

त्यांनी माझ्या जर्नलमध्ये 'लोखंड' खोडून स्वतःच्या हातानं 'बीड' लिहिलं आणि सही केली. तारीख २८, मुदतीच्या एक दिवस आधीची. प्रॅक्टिकलला मी बसणार आहे. मी विचारलं, बाकीच्यांच्या जर्नलचं काय? म्हणाले, त्यांच्यावर सह्या झालेल्या आहेत, राहू दे तशाच. आणि टॉवेलला हात पुसत आत निघून गेले. बस, संपलं. सीटांबद्दलचं वाक्य त्यांनी परत घेतलं नाही. सौद्यातली त्यांची बाजू त्यांनी पाळली नाही, कारण पट्टी तर चुकलीच होती, असं त्यांना मनात म्हणता आलं असणार.

सातवी शिकलेल्या माणसानं एका पट्टीसाठी बेचाळीस पोरांसमोर माफी मागितली. एम. एस्सी. झालेल्या माणसानं अकरा वर्षांच्या आकड्यासाठी एका मुलीसमोरही मागितली नाही. सही मिळून तीन दिवस झाले तरी ह्या गोष्टीनं मी धुमसते आहे. आई म्हणते, सही झाली ना, आता कशाला जळतेस. तिला काय सांगू?

राहिलं तुमचं. पट्टी दिलीत ती चूक मी माफ केली, त्याच दिवशी, तुम्ही ती वर धरलीत तेव्हाच. पण '४.९७ लिहिलं तर आभाळ कोसळत नाय' हे अजून माफ केलेलं नाही. प्रयत्न केला, जमत नाही. धामणे सरांनी तसं सांगितलं तेव्हा मला राग आला. तुम्ही सांगितलंत तेव्हा मला कुणीच उरलं नाही असं वाटलं. हे तोंडावर बोलता आलं नसतं म्हणून लिहिते.

पट्टी परत पाठवत नाही. तिच्या पाठीवर मी खिळ्यानं 'पोलाद, २ टक्के' असं कोरून ठेवलंय.

आपली,
विशाखा

मनमाड,
४ फेब्रुवारी १९८३

चि. विशाखा,
जयभीम.

पार्सलातून साधी पट्टी पाठवतोय, बाजारातून नवी आणलेली. मी स्टोअरच्या पट्टीशी ताडून बघितली, मला तरी बरोबर वाटली.

कोरलंस ते लय चांगलं केलंस. माझ्या हातातल्या पट्टीवरबी मी ते परवा पुन्हा कोरून घेतलं. शॉपमधल्या सगळ्यांनी आपापल्या कोरून घेतल्या.

माफ करायची घाई करू नको. मला त्याचा राग नाय, उलट मला ते बरोबर वाटतं. तू धुमसत राहा. परीक्षेचा अभ्यास मात्र कर.

नवी पट्टी मी दिलीय म्हणून खरी मानू नको. आधी आलेखाच्या कागदावर ठेवून बघ. जुळली तरच वापर.

तुझा मामा,
देवराम